नाहीवाले

राखीसाठी जळगावला माहेरी आलेली मंजू त्या दिवशी धुळ्याला परत निघायची होती. सकाळी जाग आली तेव्हा बाई नेहमीसारखी खिडकीशी बसून भगवंतांची नावं घेत होती. चोवीस तीर्थंकरांची नावं ती एका सुरात, धान्य पाखडावं तशा लयीत म्हणायची. धर्मनाथ, मग सोळावे भगवान, मग कुंथुनाथ, अरनाथ. मंजूनं पांघरुणातच कूस बदलली. लहानपणापासून कानांवर पडलेला तो सूर घड्याळाच्या टिकटिकीसारखा झाला होता. असायचा, पण ऐकू यायचा नाही.

बाई म्हणजे मंजूची आई, झमकूबाई. मारवाडातून येऊन तीन पिढ्या खान्देशात रुजलेल्या त्या घरात आईला बाईच म्हणत. मंजू शाळेत असताना तिचे वडील, बापू, गेले, तेव्हापासून मायलेकी मोठ्या काकांच्या, भंवरलालांच्या घरी होत्या. मंजू त्यांना बाबासा म्हणायची. बाबासांनी दोघींना कधी अंतर दिलं नाही. मंजूला बी.ए.पर्यंत शिकवलं, पुस्तकं आणू दिली, धुळ्याच्या दीपचंदजींच्या घरात, आपल्याच धंद्यातल्या तोलामोलाच्या घरात, तिचं लग्न लावून दिलं. खाली रुईची पेढी, वर राहतं घर, आणि मधल्या बैठकीत तिपाईवर काळा टेलिफोन. तो पेढीचा. घरातल्या बायकांनी त्याची धूळ पुसायची, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. निदान बाबासांची तशी समजूत होती.

जेवणं उरकल्यावर दोघी मूग निवडत बसल्या.

"मागच्या बुधवारचं तुझं 'नाहीत' नाकातून आलं," बाई म्हणाली. "सर्दी होती?"

"होती थोडी."

"आणि त्याच्या आधीचं फार घाईचं. सासूशी वाजलं होतं का?"

"नाही गं. दूध उतू जात होतं."

"खोटं बोलू नकोस. दुधाची घाई वेगळी असते."

मंजू हसली. या एका शब्दाची गोष्ट अशी होती. जळगावहून धुळ्याला बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, आणि त्यात एक प्रकार होता पीपी. ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आधीच सांगायचं. ऑपरेटर पलीकडे विचारणार, अमुक आहेत का. नाहीत म्हटलं की कॉल रद्द. बोलणंच झालं नाही म्हटल्यावर आकार अगदी नावापुरता. बाजारातल्या लोकांनी या नियमाची शिवण केव्हाच उसवली होती. बाबासा धुळ्याला पीपी लावून कपूरचंदना बोलवायचे. दीपचंदजी म्हणायचे, नाहीत. एवढ्यात कळायचं की रुई चढली. हुकुमचंदना बोलावलं तर उतरली. रतनचंद म्हणजे माल धरून ठेवा. यातला एकही माणूस कधी जन्माला आलेला नव्हता. सरकारच्या तारेवरून भाव जायचा आणि सरकारच्या हाती काही लागायचं नाही. चोरी म्हणून याकडे कुणी पाहिलं नव्हतं. कपाशी जोखताना काट्याला बोट लावणं ही चोरी; हे नुसतं डोकं.

ते डोकं दाराआड उभी राहून बाईनंही ऐकलं होतं. मंजूच्या लग्नानंतर पत्रं यायची ती दहा हातांतून, वाचली जाऊन यायची. मग एका बुधवारी, बाबासा दुपारचे पडले असताना, बाईनं तो काळा फोन उचलला आणि धुळ्याचा नंबर सांगून मंजूच्या नावानं पीपी लावला. बुधवारी दीपचंदजी खरेदीसाठी अमळनेरला असतात, हे तिला माहीत होतं. धुळ्यात फोन मंजूनंच घेतला. "जळगावहून पीपी आहे. मंजूबाई आहेत का?" मीच, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात सगळं डोक्यात लख्ख झालं. मीच म्हटलं तर कॉल बिलावर चढणार, दोन्ही घरांत प्रश्न होणार.

"नाहीत," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी हलकंच खोकललं. तो बाईचा खोकला होता. तेव्हापासून दर बुधवारी मंजू स्वतःच्याच घरात उभी राहून मंजू नाही असं सांगायची, आणि बाई त्या एका शब्दावरून लेकीचा आठवडा वाचायची.

"तुला माझं सगळं कळतं," मंजू मूग सारत म्हणाली, "मला तुझं काय कळतं? नुसता खोकला."

"खोकला आला म्हणजे मी आहे."

"आणि काही झालं तर?"

"मला काय होतंय?"

"मोठी काकू सांगत होती, जिना चढताना थांबतेस म्हणून. ऐक बाई. माझं नाव विचारलंस म्हणजे सगळं बरं आहे, हे आपलं ठरलेलं. पण दुखलं-खुपलं, मला बोलवावंसं वाटलं, तर माझं नाव नको. बापूंचं नाव सांग. कपूरचंद, हुकुमचंद यांच्यात ते नाही, घोटाळा व्हायचा नाही. शांतीलाल आहेत का, एवढं ऐकलं की मी मिळेल त्या एसटीत बसते."

बाईचा हात सुपावर थांबला. मग तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बरं," ती म्हणाली.

"लक्षात राहील ना?"

"ते नाव मी विसरेन का?"

आपल्याला सुचलेल्या युक्तीवर मंजू खूश होती. तेवढ्यात मोठी काकू, सज्जनबाई, दारात आली. "मायलेकींचं पुराण संपलं असेल तर उठा. एसटीचा ड्रायव्हर काही या घरचा जावई नाही, थांबायला."

बाईनं पिशवीत खाखऱ्यांचा डबा ठेवला, वर उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली ठेवली. "पारोळ्याला उतरून कुठलंही पाणी पिऊ नकोस," ती म्हणाली. दरसाल सांगायची तेच. मंजूनंही दरसालसारखंच हो म्हटलं आणि जिना उतरली.

*

पर्युषणाचे दिवस होते. धुळ्याला सासरची सगळी मंडळी सकाळीच जैन स्थानकात साध्वींचं व्याख्यान ऐकायला गेली होती. घरी थांबायची पाळी मंजूची होती. तिनं चूल आवरली होती आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक नुकतंच उघडलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"जळगावहून पीपी आहे. मंजूबाई आहेत का?"

त्या दिवशी शनिवार होता. वार मोडून बाईनं आठवण काढली म्हणून मंजूला गंमत वाटली.

"नाहीत," ती म्हणाली.

"जरा बघता का? घरात असतील."

असं कधी झालं नव्हतं. एकदा नाहीत म्हटलं की ऑपरेटर कॉल रद्द करून टाकायची. मंजू सावध झाली. टेलिफोनवाले पाळत ठेवून आहेत की काय, उद्या सासऱ्यांच्या पेढीचा फोन तोडला तर, असं काहीबाही तिच्या मनात आलं. खोकला ऐकू येतो का म्हणून तिनं कान दिला. तारेवर नुसती खरखर होती.

"नाहीत म्हटलं ना," ती ठसक्यात म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

नंतर बराच वेळ ती आनंदात होती. पुस्तकातलं एक पान तिनं दोनदा वाचलं, तरी मन दुसरीकडेच होतं. शनिवारी. बाईला चैन पडेना म्हणजे.

दुपारी पुन्हा जळगावचा फोन आला. या वेळी दीपचंदजींनी घेतला. नाव न घेता आलेला साधा कॉल. "हो," ते म्हणाले. "हो. बोला." पीपी नसलेल्या फोनवर सासरे कसे बोलतात हे मंजूनं क्वचितच ऐकलं होतं, ती दारात उभी राहिली. फोन ठेवून झाल्यावरही त्यांचा हात रिसीव्हरवरच होता.

"मंजू," ते म्हणाले, "तुझी बाई गेली."

तिला वाटलं, कुठं गेली? बाई कुठं जात नसे.

"सगळे व्याख्यानाला गेले होते. आले तेव्हा फोनच्या तिपाईपाशी पडलेल्या दिसल्या. पुसपास करताना चक्कर आली असेल. डॉक्टर म्हणतात, त्रास झाला नसणार."

मंजूनं मान हलवली. सासूनं तिला धरलं, खाली बसवलं, कुणी पाणी दिलं. तिला सगळं दिसत होतं. पाण्याच्या भांड्याला एक पोचा होता. सासऱ्यांच्या कोटाचं वरचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलं होतं. ते आपणच शिवलं, हे तिला आठवलं. रडू मात्र येत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: फोनच्या तिपाईपाशी.

जळगावपर्यंतच्या वाटेत नवरा शेजारी बसून काहीतरी बोलत राहिला. बाजारातल्या कुणाची तरी जीप मागून आणली होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी कमरेइतकी वाढलेली. मंजू एक हिशेब मांडत होती आणि तो पुन्हा पुन्हा मांडत होती. बाईनं माझंच नाव विचारलं. माझं नाव म्हणजे सगळं बरं. दुखत असतं तर तिनं बापूंचं नाव सांगितलं असतं. सांगितलं नाही. म्हणजे फोन केला तेव्हा ती बरी होती. जे झालं ते नंतर, एकदम झालं. तिला मी हवी होते आणि मी नाहीत म्हटलं, असं झालेलं नाही.

हे धरून ती जिना चढली. हे धरूनच बाईच्या थंड पावलांवर तिनं डोकं ठेवलं.

*

तिसऱ्या दिवशी शोकाची बैठक होती. पुरुष खाली पेढीवर, बायका वरती. पांढऱ्या लुगड्यांची दाटी. जी येई ती मंजूच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणे.

"पुण्यवान गं तुझी बाई. पर्युषणात गेली."

"कुणाची सेवा घेतली नाही."

"कुणाला हाकसुद्धा मारावी लागली नाही."

या शेवटच्या वाक्याला मंजू दर वेळी मान हलवायची. ते खरं असावं एवढंच तिचं मागणं होतं. बैठकीतला फोन कुणीतरी कापडानं झाकून ठेवला होता. तिकडे ती पाहत नव्हती.

बायका उठत आल्या तेव्हा दारात एक अनोळखी बाई उभी होती. चाळिशीतली, हातात घड्याळ, खांद्याला कामावर नेतात तशी पिशवी. चपला काढून ती दाराशीच बसली. बाईच्या फोटोकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"आपण कोण?" सज्जनबाईनं विचारलं. "ओळखलं नाही."

"मी सुनंदा. टेलिफोनात असते. ट्रंकवर."

सज्जनबाईनं एकदम जिन्याकडे पाहिलं, खाली ऐकू जातं की काय म्हणून. उरलेल्या बायका साध्वींचा मांगलिक पाठ ऐकायला स्थानकाकडे निघाल्या होत्या. मंजूनं सुनंदाबाईंना आतल्या खोलीत नेलं. सज्जनबाई मागोमाग आली आणि दार लोटून उभी राहिली.

"तुम्ही मंजूबाई," सुनंदाबाई म्हणाल्या. "बोलला असता ना दोन शब्द, तर डोळे मिटूनसुद्धा ओळखलं असतं. मी अक्का म्हणायचे यांना. पाहिलं आज, फोटोत."

"तुम्हांला ठाऊक होतं?" मंजूनं विचारलं. "आमचं?"

"काय, नाहीवाले? अहो ताई, निम्मा बाजार नाहीवाला. आमच्या खोलीत तोच शब्द आहे. बोर्डावर दिवा लागला की आम्ही एकमेकींना खूण करतो, आला बघ नाहीवाला. आमचं घर यावलकडचं, कपाशी, केळीवालं. तुमचे कपूरचंद लागोपाठ येऊ लागले की मी भावाला निरोप धाडायचे, दादा, इतक्यात कपाशी इकू नको."

सज्जनबाईच्या तोंडून हसू निसटलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मंजू त्या शब्दापाशी थांबली. तिनं आजवर पुष्कळ वाचलं होतं. पाकीटमार, उचले, दरोडेखोर, नाना तऱ्हेच्या चोरांना भाषेनं नावं दिलेली तिला माहीत होती. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणी आपल्यालाही एक नाव दिलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. नाहीवाले. आपल्यासाठीच बेतून शिवावं तसं ते तिच्या अंगावर बसलं.

"मग तुम्ही कळवलं कसं नाही वर?"

"कळवायला हवं होतं. एकदोघांचं कळवलंही. अक्कांचं कसं कळवणार? मला काय ऐकू यायचं, एक शब्द. आणि अक्का त्यावरून मला सांगायच्या, सुनंदा, पोरीला सर्दी झालीय गं. सुनंदा, आज खुशीत आहे. मी म्हणायचे, अक्का, माझ्या लेकीचंही ऐकून सांगा की, ती तर तासभर बोलते नि मला काही कळत नाही." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मी सांगायला आले ते हे. शनिवारी तुमचा आवाज ऐकून अक्का काय म्हणाल्या ते तुम्हांला कुणी सांगणार नाही, कारण ऐकलं मीच. म्हणाल्या, ठणठणीत आहे. दोन शब्द जास्त बोलली आज."

मंजूचं इतके दिवस ताठ असलेलं अंग सैल पडलं. तिनं भिंतीला पाठ टेकली.

"मग ती बरी होती," ती म्हणाली. "फोन केला तेव्हा बरी होती ती. नंतर झालं जे झालं ते."

पिशवीचा बंद सुनंदाबाईंनी बोटाला गुंडाळला, सोडला.

"बरी होती ना?"

"नाही, ताई."

खाली पेढीवर कुणीतरी चपला शोधत होतं. त्याचं पुटपुटणंसुद्धा वर ऐकू येत होतं.

"आवाज लागत नव्हता त्यांचा. नंबर माझ्या ओळखीचा. म्हटलं, अक्का, आज बुधवार नाही. म्हणाल्या, धुळं लाव, पीपी. म्हटलं, मंजूबाईच ना? तर म्हणाल्या, नाही, आज तिचं नाव नाही. म्हटलं, मग कुणाचं? तर गप्प. श्वास तेवढा ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. मग म्हणाल्या, मंजूच्या बापूंचं."

मंजूनं डोळे वर केले.

"म्हटलं, असं चालत नाही अक्का. पीपीला नाव लागतं, मी पलीकडे काय विचारू? म्हणाल्या, तू समज ना. मी काय समजणार? त्यांचं नाव मला कुठं ठाऊक? म्हटलं, घरात कुणी असेल तर त्यांच्या हाती फोन द्या, ते सांगतील. म्हणाल्या, सगळे व्याख्यानाला गेलेत. म्हटलं, मग साधा कॉल लावते, नाव नको नि काही नको. तर म्हणाल्या, व्याही उचलतील. त्यांच्याशी मी कशी बोलू? जन्मात बोलले नाही. मग परत थांबल्या. सांगतील, सांगतील, असं मला वाटत राहिलं. आम्हांला कळतं ताई, माणूस बोलायच्या बेतात असलं की. पण काही आलं नाही. मग म्हणाल्या, राहू दे. मंजूच विचार."

मग सज्जनबाई बोलली. तिचा आवाज रोजच्यासारखा होता, भाजीचं काय करायचं हे सांगावं तसा.

"ती कसं घेईल त्यांचं नाव? नवऱ्याचं नाव कधी घेतलं तिनं? भगवंताचं सोडलं त्या पायी. शांतिनाथ म्हणून तिच्या तोंडून कुणी ऐकलंय का? सोळावे भगवान म्हणायची. घरात शांती शब्द आला तरी निवांत म्हणायची. अशा बाईला कुणी सांगितलं होतं त्यांच्या नावानं फोन लावायला?"

मंजूला उत्तर द्यायचं होतं. मी सांगितलं, असे दोनच शब्द होते. ते तिच्या तोंडात आले आणि तिथंच राहिले. आयुष्यभर रोज सकाळी ती ते सोळावे भगवान ऐकत आली होती. धर्मनाथांनंतर, कुंथुनाथांच्या आधी. त्या दिवशीही ऐकलं होतं. कूस बदलून ऐकलं होतं. आणि दुपारी मूग निवडताना, जगातली सगळी नावं मोकळी असताना, बाईच्या जिभेवर कधीच न येणारं एकच नाव तिनं नेमकं निवडून बाईच्या हाती दिलं होतं. बाई बरं म्हणाली. का म्हणाली? लेक शिकलेली, तिनं विचार करूनच सांगितलं असेल, म्हणून? की नेट लावून एकदा म्हणून टाकू, असं तिला खरंच वाटलं होतं?

"तिपाईपाशी रिसीव्हर लोंबत होता," सज्जनबाई म्हणाली. "आम्हांला वाटलं, पडताना धक्का लागला."

"ठेवल्याचा आवाज मला आला नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी थोडं थांबले. अक्का, अक्का केलं. मग वरचे दोन दिवे लागले, ते घ्यावे लागले. वाटलं, ठेवायचा राहिला असेल. वाटलं एवढंच." त्यांनी पदरानं गळा पुसला. "नियमात नव्हतं, तरी मी तुम्हांला दुसऱ्यांदा विचारलं ते त्यासाठी. मला सांगता येत नाही मधून, की ताई, आज खरंच आहे. तसं बोलले असते तर नोकरी गेली असती. पण विचारू शकत होते परत, तेवढं विचारलं."

"हो," मंजू म्हणाली. "विचारलंत."

"तुम्हांला दोष द्यायला नाही आले मी. तुम्ही तरी काय समजणार? रोजचंच ते."

"सगळं सांगा," मंजू म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "तिनं मंजूच विचार म्हटलं. पुढं?"

"पुढं तुम्हांला ठाऊकच आहे."

"तिच्या बाजूचं ठाऊक नाही."

सुनंदाबाईंनी सज्जनबाईकडे पाहिलं.

"पुढं मी धुळं लावलं. अक्कांना म्हटलं, लाइनीवर राहा, लागतंय. त्या म्हणाल्या, आहे मी. तीनचार घंट्या वाजल्या. तुम्ही उचलला. मी विचारलं…" आणि वर्षानुवर्षं तेच म्हणून घोटलेला, एका पट्टीतला, कुणाचाच नसलेला तो आवाज त्यांच्या नकळत त्यांच्या गळ्यातून निघाला. "जळगावहून पीपी आहे. मंजूबाई आहेत का?"

एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचा शब्द समोर बसलेल्या मंजूचा होता आणि तो तिच्यादेखत उच्चारणं त्यांना जमेना.

सवयीनं तो शब्द मंजूच्या जिभेवर आला होता. बुधवारचा, नेहमीचा, पाठ झालेला. तिनं तोंड उघडलं. सज्जनबाई तिला थोपवायला एक पाऊल पुढं आली आणि थांबली.

"आहे," मंजू म्हणाली. "आहे मी घरात. मीच मंजू. द्या, बाईला द्या फोन."